गाव बांधायचं कोणासाठी

वरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या तर संसारी कुटुंबालाच, विद्यार्थ्यांना नाही, असं देवीदासनं ठरवून टाकलं होतं. जमुनानं त्यावर मान हलवली होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती मान होकारार्थी हलते की नुसतीच हलते, हे त्याला अजून ओळखता आलं नव्हतं. महिनाभरातच अकोल्यातल्या जठारपेठेतल्या त्यांच्या घराच्या जिन्यावरून सुदान देशातल्या दोन मुली मोठाल्या बॅगा ओढत वर चढत होत्या आणि जमुना खालून सांगत होती, "हळू वं पोरींनो, भिंतीचा पोपडा नका काढू."

"हे कुटुंब होय?" देवीदासनं विचारलं.

"त्याईचं कुटुंब तिकडं हाये," जमुना म्हणाली. "युद्ध सुरू हाये त्याईच्या देशात. त्यानं काय कुटुंब मोजाचं नाई?"

देवीदास एसटीत कंडक्टर होता. सगळी नोकरी अकोला डेपोत गेली. गाडीत चढलेल्या माणसाला उतरवायचं नसतं, हे त्याच्या अंगी मुरलेलं. तो पेपर घेऊन ओट्यावर जाऊन बसला.

त्या दोघींतली एक सहा महिन्यांत हैदराबादला निघून गेली. राहिली ती हिबा. शेतकीचं शिकायला आलेली, उंच, काळीसावळी, हसली की खोकला आल्यासारखी हसणारी. पहिल्या आठवड्यात तिनं जमुनाच्या स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ पाहिलं आणि डब्यात हात घालून उभीच राहिली. त्यांच्याकडेही ज्वारीच. अंबाडीही होती, फक्त वऱ्हाडातली माणसं पाला खातात आणि तिकडची माणसं बोंडाचं सरबत पितात. काळी माती, कापूस, भुईमूग, तीळ, सगळं तेच. वर्षभरात ती हिंदी शिकली आणि दुसऱ्या वर्षी जमुनाची वऱ्हाडी. "काका, पानी आलं नाई, मोटर काहून लावून नाई राहिले?" असं ती जिन्यावरून ओरडली की शेजारची माणिकबाई हातातलं काम टाकून बाहेर यायची.

जमुनाची नोकरी गावोगाव फिरण्याची होती. पाणी अडवण्याचं, शिवाराची आखणी करण्याचं काम करणारी एक संस्था होती, तिच्यासाठी तेल्हाऱ्यापासून शेंदूरजनाघाटापर्यंतची खेडी तिनं पायाखाली घातली. गावाचा आराखडा करायच्या आधी सगळ्या गावानं मिळून शिवार फिरून यायचं, अशी त्या कामातली रीत. या शिवारफेरीत म्हातारी माणसं वाट दाखवायला पुढं आणि पोरं मागं, असं सगळीकडे चालायचं. जमुना ते उलटं करायची. पोरं, सुना, शाळेतल्या मुली पुढं. म्हातारे मागून.

"तुमच्या पाठी पाहत पाहत चाललं तं त्याईले शिवार कसं दिसन?" असं ती बुजुर्गांना तोंडावर म्हणायची. काही गावांत तिला दुसऱ्यांदा बोलावलं नाही. काही गावांत "तेल्हाऱ्याची बाई आली, आता पोट्टे डोक्यावर बसनार," असं म्हणत तिच्यासाठी चहा टाकला जायचा.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते देवीदासला लग्नाच्या मांडवातच कळलं होतं, फक्त तेव्हा ते खूळ आहे हे समजलं नव्हतं. जमुनाचं माहेर तेल्हाऱ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं धरण झालं आणि गाव उठलं. तिचा बाप भगवंत पाटील ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगायचा, मांडवातही त्यानं ती सांगितली. नवं गाव वसवायच्या आधी साहेब चावडीत आले, म्हणाले, काय काय पाहिजे ते सांगा. गावातल्या शहाण्या माणसांनी बोटं मोजून सांगितलं. मारुतीचं देऊळ एक, विहिरी दोन, पार एक, चौथीपर्यंतची शाळा एक. जुन्या गावात जे होतं ते. साहेब भला माणूस. त्यानं विचारलं, आणखी काही? तेव्हा भगवंतानं हात जोडले आणि तो म्हणाला, "आमी हावरे नाई साहेब. जेवढं होतं तेवढं द्या."

आणि तेवढं मिळालं. एक वीट कमी नाही.

जमुना तेव्हा आठवीत होती. जुन्या गावाहून नदी ओलांडली की पलीकडच्या गावात मोठी शाळा होती. नव्या गावातून त्या शाळेत जायचं तर मधे धरणाचं पाणी. तिची शाळा तिथं संपली. तिच्याबरोबरच्या तीनचार मुलींचीही. चावडीत बसलेल्या एकालाही मुलींचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. त्यांना ते आठवलंच नाही, आणि ज्यांना आठवलं असतं त्या पोरी तेव्हा घरोघर सामान बांधत होत्या. दहावी तिनं लग्नानंतर, मुलगा कुंदन पोटात असताना केली. देवीदास परीक्षेला तिला आपल्या ड्यूटीच्या एसटीनं नेऊन सोडायचा आणि तिकीट फाडायचा, कारण ती फुकट बसायला तयार नव्हती.

हिबाच्या गावातून युद्ध पुढं सरकलं होतं. देशात ते चालूच होतं, पण त्यांच्या भागात आता गोळीबार नव्हता. गाव मात्र उरलं नव्हतं. घरं जळालेली, गिरणी लुटलेली, कालव्याच्या मोऱ्या फुटलेल्या. माणसं कैरोत, जेद्दाहमध्ये, कुठल्या कुठल्या छावण्यांत. त्यातले बुजुर्ग दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर फोनवर एकत्र येत. गाव पुन्हा बांधायचं होतं. काय बांधायचं ते एकदा ठरलं की परदेशातल्या गावकऱ्यांकडून पैसे गोळा होणार होते, आणि पैसे गोळा झाले की मग आखणीत बदल नाही. पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी ते पक्कं होणार होतं. त्या बैठकीत शेवटची दहा मिनिटं तरुणांना दिली होती.

हिबानं आणि यासिरनं त्या दहा मिनिटांसाठी तीन महिने काम केलं. यासिर तिच्याच गावचा, अमरावतीला इंजिनिअरिंग करणारा. रविवारी सकाळच्या गाडीनं यायचा, जेवायला दोन भाकरी जास्त लागायच्या. त्यांनी कॉम्प्युटरवर गावाचा आराखडा केला. सरळ रस्ते, छपरांवर सौर पॅनेल, कालव्याच्या कडेनं झाडं, दवाखाना. हिबा तो घेऊन स्वयंपाकघरात आली तेव्हा जमुना भाकऱ्या थापत होती आणि देवीदास जेवत होता.

जमुनानं हात पुसून सगळं नीट पाहिलं.

"चांगलं हाये," ती म्हणाली. "कोनाले इचारलं?"

"कोनाले मंजे? मी अन् यासिर त्याच गावचे आहो."

"तुमी दोघं अकोल्या-अमरावतीत आहा. अन् यात पोरींची शाळा कुठं हाये? तेच तं मी पाहून राहिली. रस्ते केले, झाडं केले. पोरींनी कुठं जाव शिकाले?"

हिबानं तिच्याकडे पाहिलं. "मावशी, शाळा होती आमच्याकडं. पोरींची, बारावीपर्यंत. माही आई तिथं शिकवत होती. तिची इमारत उभी हाये अजून."

देवीदासनं ताटात मान खाली घातली, कारण त्याला हसू येत होतं. जमुनानं तव्यावरची भाकर उलटली. ती थोडी करपली होती.

"बरं," ती म्हणाली. "मंग मले नाई माईत तुमाले काय पाहिजे. पन तुले तरी माईत हाये काय?"

दुसऱ्या दिवशी हिबानं गावातल्या सगळ्या तरुणांना आराखडा पाठवला आणि विचारलं, यात काय सुधारणा करू? कैरोतून, छावणीतून, जेद्दाहहून अंगठे आले. पिवळे, उभे अंगठे. हिबा खूश होऊन खाली आली.

"अंगठ्यानं गाव वसते काय?" जमुना म्हणाली. "भाजी कशी झाली इचारलं तं आमचे हेही अंगठा दाखवतात. अन् अर्धी भाजी ताटात राह्यते."

"मंग काय इचारू?"

"तू परत येशील काय, हे इचार. अन् नाई म्हनलं तं काहून. बाकी काई दाखवू नोको त्याईले."

यावेळी उत्तरं लगेच आली नाहीत. मग एकेक यायला लागली. बोललेली, लांब लांब. काहींमध्ये मागं भांड्यांचे आवाज, कोणाच्या मागं लहान मूल रडतंय. हिबा आठवडाभर कानात इअरफोन घालून फिरत होती आणि कमी कमी बोलत होती.

रविवारी यासिर आला तेव्हा जमुनानं दोघांना गच्चीवर नेलं. रांगोळीचा डबा दिला आणि म्हणाली, तुमचं गाव काढा. कॉम्प्युटरवरचं नाही, होतं ते. कालवा इथं, मशीद इथं, गिरणी, घरं. दोघं भांडत भांडत गुडघ्यांवर सरकत काढत होते. यासिर म्हणे, तुमचं घर एवढं मोठं नव्हतं. हिबा म्हणे, तू कधी आत आला होतास? शेजारच्या गच्चीवरून माणिकबाईनं विचारलं, "कोनतं व्रत हाये हे?"

"गाव बसवनं हाये," जमुनानं सांगितलं. मग तिनं ओंजळभर सरकी हिबाच्या हातात दिली. "ज्या घरातलं पोरगं नाई तं पोरगी येतो म्हनली, त्या घरासमोर एक बी ठेव."

हिबा ठेवत गेली. एक इथं, एक त्या टोकाला, मशिदीच्या मागे दोन. मग तिचा हात थांबला. मूठ अजून भरलेली होती आणि घरं संपली होती.

देवीदास कपडे वाळत घालायच्या निमित्तानं वर आला होता. ती रांगोळी बघून त्याला काय वाटलं ते त्याला सांगता आलं नसतं. ओळीनं घरं होती, नीट काढलेली, आणि बहुतेक दारांसमोर काही नव्हतं. हिबानं स्वतःला मोजलं नव्हतं, त्यामुळे तिच्या घरासमोरही नाही. तिची धाकटी बहीण रीम, सतरा वर्षांची, आईबरोबर कैरोत राहायची आणि एका बेकरीत काम करायची. तिनं नाही म्हटलं होतं.

"काहून म्हनते ते?" जमुनानं विचारलं.

हिबानं फोनवर रीमचा आलेला निरोप लावला आणि तिचं बोलणं वाक्यावाक्यानं सांगितलं. शेत आजोबांच्या नावचं, पाण्याची पाळी काका ठरवणार, घर कुठं बांधायचं ते मामा ठरवणार. मी चहा नेऊन द्यायची. इथं बेकरीचा मालक मला विचारतो, उद्या किती पीठ मळायचं. तू मला झाडं दाखवतेस. मला तिथं कोणी काही विचारणार आहे का, ते सांग.

दुसऱ्या एका मुलाचं म्हणणं होतं की सगळी घरं पुन्हा भाजक्या विटेची बांधणार म्हणतात. मागच्या वेळीच भट्ट्यांसाठी अर्धी झाडं गेली. उरलेलीही जाणार. सावली नसलेल्या गावात तो कशाला येईल? जमीन कसणाऱ्या पोरांच्या नावावर काही नाही, हे तर जवळजवळ सगळ्यांनीच सांगितलं होतं.

यासिर म्हणाला, हे सगळं खरं आहे, पण दहा मिनिटं आहेत, आराखडाच दाखवायचा. एवढी मेहनत केली आहे. जमुना म्हणाली, दाखव, पण हे ऐकल्यावर तो आराखडा कोणाचा आहे, ते तूच ठरव. हिबा तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी ती जेवायला खाली आली नाही. जमुना हाक मारायला गेली नाही. ती अशा वेळी जात नसे. कुंदनच्या बारावीतही गेली नव्हती. शेवटी देवीदासच ताट घेऊन वर गेला.

"काका," हिबा म्हणाली, "मावशी लय कठीन बाई हाये."

"मले सांगून राहिली?" तो म्हणाला.

ती हसली, मग रडली, मग जेवायला लागली. देवीदास दारातल्या स्टुलावर बसला आणि तिला त्यानं सासऱ्याची गोष्ट सांगितली. देऊळ एक, विहिरी दोन, पार एक. आमी हावरे नाई. त्याला गोष्टी सांगायची सवय नव्हती, त्यामुळे त्यानं ती थांब्या-थांब्यानं सांगितली. शेवटी म्हणाला, "तुह्या मावशीनं हे मले कधी नाई सांगितलं. मामंजींनीच सांगितलं, अन् ते मरेपर्यंत त्याईले वाटत होतं का त्याईनं लय चांगलं काम केलं."

"मावशी काई नाई बोलली त्याईले?"

"नाई. ती त्याईचं करत राह्यली. अन् दुसऱ्याच्या गावात जाऊन बोलत राह्यली."

हिबानं बराच वेळ घास चावला.

ठरलेल्या शुक्रवारी बैठक जमुनाच्या समोरच्या खोलीतच झाली, कारण वर फोनला नीट आवाज येत नसे. फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवला होता. समोर हिबा, शेजारी यासिर. जमुना कोपऱ्यात तुरीचे खडे वेचत बसली होती आणि देवीदास, आपल्याला यातलं काही कळत नाही असं म्हणत, शेवटपर्यंत खुर्चीवरून उठला नाही. यासिर अधूनमधून हळू आवाजात हिंदीत सांगत होता.

फोनमध्ये पांढऱ्या फेट्यांची माणसं होती. सगळ्यांत वडील ते इद्रिस, हिबाच्या आजोबांचे भाऊ. ते सावकाश, गोड बोलत होते. यासिर कुजबुजला, "कहते हैं, जंगने जो लिया, पहले वही खड़ा करेंगे. मशीद, घर, गिरनी, जैसा था वैसाच. लोग भूखे हैं, ऐसे में ज्यादा मांगना शोभा नहीं देता."

जमुनाची बोटं तुरीवर थांबली. देवीदासनं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

शेवटी हिबाची पाळी आली. तिनं आराखडा उघडला नाही. तिनं सांगितलं की आम्ही एक चांगला नकाशा केला होता, तो नंतर बघा. मग तिनं एकेक नाव घेतलं, अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, येणार की नाही, आणि का. ती वाचत नव्हती, बोलत होती. विटा आणि झाडं. कोणाच्या नावची जमीन. पाण्याची पाळी. रीमचं नाव आलं तेव्हा एक जाडसर माणूस मधेच मोठ्यानं बोलला. तो मामा होता, आणि घरातली गोष्ट बैठकीत कशाला, असं म्हणत होता. हिबानं पुढचं नाव घेतलं.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. कोणी थांबवलं नाही. ती थांबली तेव्हा फोनमधला एक म्हातारा, जो सगळा वेळ नुसता बसलेला होता, एक वाक्य बोलला.

"काय म्हनला?" देवीदासनं विचारलं.

"पूछा," यासिर म्हणाला, "फिर हम बना किसके लिए रहे हैं."

त्यानंतर पुष्कळ गोंधळ झाला. यासिरला भाषांतर जमेना. शेवटी इद्रिसनी निर्णय सांगितला. त्या दिवशी काहीच पक्कं झालं नाही. पैसे मागायचे थांबवले. यापुढे समितीत तरुणांच्या दोन जागा, आणि त्यांचं म्हणणं शेवटी नाही, आधी ऐकायचं.

फोन बंद झाल्यावर हिबा रागानं रडत होती. "दोन. सगळे म्हातारे, अन् आमी दोन. आमी अर्ध्या मागनार होतो."

"हो तं, दोन कमीच हायेत," जमुना म्हणाली. "मागत राह्य. पन आता त्या दोन भरा. कोन बसन?"

"मी," हिबा म्हणाली. "अन् यासिर."

जमुनानं तुरीचं ताट उचललं आणि आत गेली. हिबा तिच्यामागे गेली. देवीदासला बाहेरून ऐकू येत होतं.

"तुमी बोला ना काई."

"मी काहून बोलू? माह्य गाव होय काय ते?"

"तुमाले वाटते मी नाई बसाव."

"मले असं नाई वाटत. तुयासारखं कोनाले बोलता येईन? मीच बसवली असती तुले." जमुना थांबली. "पन तू परत जानार हायेस, हे ठरलेलंच हाये. त्याईनं तुह्य ऐकलं नाई तरी तू जाशीन. जे नाई म्हनून राहिले, त्याईचं कोन ऐकन?"

पुढचे दोन दिवस हिबा कॉलेज, लायब्ररी, घर असं करत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना तिनं जिन्यावरूनच सांगितलं की तिनं तिची जागा रीमला दिली. आवाज असा होता, जसा सकाळी दूध नासल्याचं सांगावं. यासिरनं मात्र त्याची सोडली नाही. त्याचंही बरोबर होतं, विटांचं गणित त्यालाच येत होतं.

जमुना म्हणाली, "झोंबलं काय?"

"लय," हिबा म्हणाली.

"झोंबनारच. ये, चहा घे."

पुढच्या शुक्रवारी सकाळी हिबा जिन्यावरून दोन दोन पायऱ्या सोडत खाली आली. देवीदासला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे. त्या देशाच्या बातम्या चांगल्या नसतच.

"रीम येऊन नाई राहिली," ती धापा टाकत म्हणाली. "मंजे, दुपारी नाई. शुक्रवारी दुपारी बेकरीत लय गर्दी असते, तिची ड्यूटी हाये. तिनं कळवलं, मले त्या टायमाले जमत नाई, संध्याकाळच्या नमाजानंतर ठेवा."

"मंग?" जमुना कणीक मळत होती. "आता काय म्हनतात ते?"

"ठेवली."

"काय?"

"संध्याकाळी ठेवली. इद्रिस आजोबानं सगळ्याइले निरोप पाठवला. दोन वर्षं झाले, बैठक दुपारीच असते, काका. माहा मामा जेद्दाहवरून चिडून राहिला, त्याचं दुकान हाये संध्याकाळी. तरी ठेवली."

देवीदासनं पेपर खाली ठेवला. एसटीच्या नोकरीत त्यानं आमदारासाठी गाडी थांबलेली पाहिली होती, साहेबाच्या मेव्हण्यासाठी पाहिली होती, नवरदेवाच्या बापासाठी तर कितीदा. सतरा वर्षांच्या, कामावर गेलेल्या पोरीसाठी वेळापत्रक हललेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

"कोनी बदलला टाइम? त्याईनंच?" जमुनानं पुन्हा विचारलं.

"त्याईनंच, मावशी."

जमुना कणकेच्या हातानं बाहेर येऊन पायरीवर बसली. ती दिवसा अशी बसत नसे. हिबा तिच्याशेजारी बसली. थोड्या वेळानं देवीदास उठला, आत गेला आणि उरलेली कणीक मळायला लागला. त्याला ती जमत नव्हती, पण त्यानं मळली.